चौकशी समितीतल्या विनोदिनीबाई

सांगलीच्या विनोदिनी कारखानीस बाईंना दुसऱ्यांच्या शाळा आतून बघायची भारी हौस. हौस कसली, खोडच म्हणा. माणसं सुट्टीत कोकणात जातात, देवदर्शनाला जातात. बाईंना मात्र कुठल्या गावच्या शाळेत मुख्याध्यापक पोरांवर ओरडतात आणि कुठल्या शाळेत शिक्षकांवर, शिक्षकांच्या खोलीतला चहा कोण करतं, घंटेच्या आधी वर्गात शिरणारा शिक्षक कोणता, असल्या गोष्टींत रस. स्वतः त्या एका खासगी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतात. मुलांनी एक प्रश्न विचारला की त्या उलट दोन विचारतात, त्यामुळे त्यांच्या तासाला झोपण्याची सोय नाही.

ही खोड पुरवायला त्यांना कायद्यानेच वाट करून दिली. खासगी शाळेतल्या शिक्षकाला संस्थेच्या मनात आलं म्हणून 'उद्यापासून येऊ नका' असं सांगता येत नाही. आधी आरोप लेखी द्यावे लागतात, मग तिघांची चौकशी समिती बसवावी लागते. एक संस्थेचा माणूस, एक राज्य पुरस्कार मिळालेला शिक्षक, आणि तिसरा आरोप असलेल्या शिक्षकाने स्वतः निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेत नोकरी करणारा. दोघांचं ज्यावर जुळेल तो निष्कर्ष. या तिसऱ्या खुर्चीवर सांगलीपासून साताऱ्यापर्यंत बसून बसून विनोदिनीबाई आता त्या खुर्चीच्याच झाल्या आहेत.

पहिल्यांदा त्यांना नेमलं ते शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी. कारण एकच, 'तुमचं कुणाशी भांडण नाही.' विनोदिनीबाई गेल्या आणि त्यांनी इतके प्रश्न विचारले की संस्थेच्या सचिवांनी कंटाळून दोनदा चहा मागवला. तिथून नाव पसरलं. पण नाव खरं झालं ते एका उलट्याच प्रकरणाने. एका गणिताच्या सरांनी त्यांना मोठ्या विश्वासाने निवडलं होतं. हे सर घरी शिकवणी घेत आणि शिकवणीला न येणाऱ्या पोरांना वर्गात छळत. शिक्षकाला खासगी शिकवणीची कायद्याने बंदी आहे, आणि छळाची तर आहेच आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ज्याने निवडलं त्याच्याच विरोधात मत दिलं. ते सर आजही कृष्णेच्या घाटावर बाई दिसल्या की नदीकडे तोंड करून उभे राहतात. गंमत अशी की त्यानंतर बाईंना बोलावणी वाढली. निर्दोष माणसाला समितीवर असाच कुणी हवा असतो, ज्याच्या शब्दाला समोरचाही मान देईल.

त्यांचे यजमान शरच्चंद्र हळदीच्या अडतीवर काम बघतात. बाई पिशवीत पोळीभाजीचा डबा भरायला लागल्या की ते म्हणायचे, "चालल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." बाई म्हणायच्या, "भाकऱ्या कसल्या, मला बघायचंय तिथे झालं काय ते."

एका रविवारी सकाळी त्यांच्या दारात एक उंच, हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. वहाणा काढून त्याने भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि आत आला.

"मी आकाराम दडस. मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या अंगाचा. नोकरी साताऱ्याकडं, पाचवी ते दहावीच्या शाळेत. बाई, तुम्ही समितीवर याल का?"

बाईंनी चष्मा लावून आरोपपत्र वाचलं. पहिला आरोप, संस्थेच्या अध्यक्षांचा आदेश पाळला नाही. दुसरा, विद्यार्थ्यांसमोर संस्थेच्या शिस्तीची जाहीर थट्टा केली. त्यांनी पुन्हा वाचलं. पोराला मारलं म्हणून अडकलेले शिक्षक त्यांनी बरेच पाहिले होते. पोरांना शिक्षा दिली नाही म्हणून अडकलेला हा पहिलाच.

"सांगा बघू सगळं," त्या म्हणाल्या.

आकाराम मास्तरांच्या शाळेचं गाव फौजींचं. घरटी एक माणूस सैन्यात, काही घरांत दोन. संस्थेचे अध्यक्ष सुभेदार कोंडीबा घाडगे, निवृत्त. रोज प्रार्थनेला हजर. त्यांनी शाळेत एक पद्धत सुरू केली होती, पिट्ठू. पिट्ठू म्हणजे सैनिकाची पाठीवरची पिशवी. फौजेत चुकलेल्या जवानाला ती भरून पाठीवर देतात आणि मैदानाला पळत चकरा मारायला लावतात. सुभेदारांनी आपला जुना पिट्ठू अर्धा वाळूने भरून शाळेच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगला होता. उशिरा येणाऱ्या पोरांसाठी.

"त्या दिवशी सातवीची काही पोरं उशिरा आली. वर्ग माझा. सुभेदार म्हणाले, मास्तर, पिट्ठू द्या ह्यांना. मी पोरांना वर्गात पाठवलं. आणि पिट्ठू माझ्या पाठीला लावून पळालो."

"तुम्ही पळालात?"

"व्हय. त्यांनी पोरांना सांगितल्या तेवढ्या चकरा."

"का पण?"

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते मला नीट सांगता येत न्हाई, बाई."

बाईंची उत्सुकता तिथेच खुंटीला अडकली. कायदा मोडायचा नव्हता म्हणून नाही म्हणाले असते तर समजलं असतं. भिऊन पोरांना पळवलं असतं तर तेही समजलं असतं. पण हे मधलंच काय? त्यांनी आधी आपली नेहमीची अट सांगितली, "हे बघा, मी तुमची वकील नाही. तुम्ही खरंच थट्टा केली असेल तर मी तसं लिहीन."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आमचे वडील अजून मेंढरं घेऊन फिरतात. पगाराची नोकरी आमच्या घराण्यात पहिली माझी. आणि असला शेरा घेऊन गेलो तर दुसरी कुठली संस्था दारात उभी करणार न्हाई. शिकवण्याबिगर मला दुसरं काय येत बी न्हाई."

दोन महिन्यांनी चौकशी लागली. त्या दिवशी बाई मुद्दाम लवकर पोचल्या. वेळेवर पोचलेल्या माणसाला फक्त मांडून ठेवलेलं दिसतं, असं त्यांचं मत. गावात शिरतानाच घरांवरच्या पाट्या वाचत त्या चालल्या. एका बंगलीचं नाव 'पठाणकोट', दुसरीचं 'सिग्नल सदन', एका साध्या कौलारू घराचं 'लेह'. पारावरच्या म्हाताऱ्याने त्यांना 'जय हिंद' घातला, तेव्हा बाईंनी गडबडून नमस्कार आणि जय हिंद दोन्ही केलं.

शाळेच्या व्हरांड्यात पिट्ठू लटकलेला होताच. आजूबाजूला कुणी नाही असं बघून बाईंनी तो खिळ्यावरून काढला, पट्ट्यात हात घातले आणि मैदानाकडे निघाल्या. पळायचं वय गेलं होतं, पण चालून बघायला काय हरकत? अर्ध्या चकरेतच पट्टे खांद्यात रुतायला लागले. पोषण आहाराच्या शेडमधून एक बाई पदर खोचून बघत होत्या. खिचडी शिजवणाऱ्या मनुबाई.

"आवं बाई," त्या ओरडल्या, "तुमाला बी शिक्षा झाली व्हय?"

बाई धापा टाकत शेडपाशी आल्या. मनुबाईंनी आधी पाणी दिलं, मग मत दिलं. "माझ्या थोरल्याला सुभेदारानं लय येळा पिट्ठू दिला. आज तो फौजेत हाय. वाईट काय झालं? आमच्या गावात मास्तरानं हात उचलला न्हाई तर लोक म्हंत्यात, ह्यो शिकवतच न्हाई."

"मग दडस मास्तर पळाले ते तुम्हाला कसं वाटलं?"

मनुबाईंनी पळी खाली ठेवली. "मी म्हनलं, आता पोरं दात काढत्याल. मास्तर वाळू घेऊन पळतोय म्हंजे खेळच की. पर कोन हसलं न्हाई बगा. वर्गातनं खिडकीला येऊन गप हुबी हुती समदी. मलाच कसंतरी झालं. खिचडी खाली लागली त्या दिवशी."

सातवीच्या वर्गात समिती बसली. बाकं पोरांच्या मापाची, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीशी. संस्थेच्या बाजूने सचिव अर्जुना शेडगे होते, खतांचे दुकानदार. माणूस वाईट नव्हता, पण सुभेदारांच्या शब्दाबाहेर कधी गेलेला नव्हता. पुरस्कारप्राप्त शिक्षिका म्हणून वाईच्या संयोगिता पाटणकर आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक जीभ. बसता बसताच म्हणाल्या, "शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली, आणि वर शिस्त का नाही म्हणून विचारतात."

विनोदिनीबाईंनी मनातल्या मनात मतं मोजली. एक मत संस्थेचं धरलं आणि दुसरं या बाईंचं, तर मास्तरांची नोकरी दुपारपर्यंतच होती.

त्यांनी पहिल्या आरोपापासून सुरुवात केली. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींची मनाई करतं. जो शिक्षा करेल त्याच्यावर कारवाई होते. म्हणजे मास्तरांनी पोरांना पळवलं असतं, तर आज हीच समिती त्याच मास्तरांवर बसली असती, फक्त आरोप उलटा असता.

"कलम मला पाठ आहे," संयोगिताबाई म्हणाल्या. "आदेशच बेकायदा होता, तर तो न पाळल्याचा आरोप टिकत नाही. पहिला गेला. माझा प्रश्न दुसऱ्याचा आहे. कायदा शिक्षकाला संरक्षण देतो, संस्थेची नाचक्की करायचा परवाना देत नाही. यांना तोंडाने नाही म्हणता आलं असतं. लेखी देता आलं असतं. सगळ्या शाळेदेखत हा तमाशा कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. विनोदिनीबाईंना राग आला तो एवढ्यासाठीच, की त्यांचाही हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. "थट्टा न्हवती," एवढंच म्हणाले. थट्टा करणाराही तेवढंच म्हणतो.

मग सुभेदार कोंडीबा घाडगे साक्षीला आले. पांढरी मिशी, ताठ पाठ, पॉलिश केलेले बूट. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं. ही शाळा उभी करायला त्यांनी स्वतःची जागा दिली. गावातली पोरं भरतीत मागं पडू नयेत म्हणून ते रोज पहाटे मैदानावर येतात. पिट्ठू म्हणजे त्यांच्या लेखी अपमान नव्हे. त्यांनी स्वतः तो घेतलाय आणि दिलाय. "आन मास्तरानं पोरांपुढं त्याचा खेळ केला. हुकूम पटला न्हाई तर सांगायचं. हुकमाचं सोंग करायचं न्हाई."

माणूस खोटं बोलत नव्हता. ते विनोदिनीबाईंना पहिल्या वाक्यातच कळलं, आणि त्यांना बरं वाटलं. खोटं बोलणाऱ्याला प्रश्न विचारण्यात काही मजा नसते.

"सुभेदारसाहेब, मी तिथे नव्हते. तुम्ही होता. मास्तर पळाले कसे ते सांगता?"

"कसं म्हंजे?"

"म्हणजे पिट्ठू नीट बांधला होता, की नावाला खांद्यावर टाकला होता?"

सुभेदारांनी क्षणभर आठवलं. "नीट. पट्टं आवळून."

"चकरा पूर्ण केल्या?"

"पुऱ्या."

"मध्ये चालले?"

"न्हाई. शेवटाला दम लागला हुता लय, पर चालले न्हाईत. एकदा पडले. गुडघा फुटला."

"पडल्यावर पिट्ठू काढला?"

"न्हाई." सुभेदारांचा आवाज जरा उतरला. "तसाच ठिवून उठले."

"पोरं हसली?"

शेडगे सचिवांनी घसा खाकरला. सुभेदार खिडकीतून मैदानाकडे बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "एक बी न्हाई."

खरं तर इथे थांबायला हवं होतं. शहाणी माणसं इथे थांबतात, हाती आलेलं लिहून घेतात. पण विनोदिनीबाईंच्या डोळ्यांसमोर ते मैदान उभं होतं, पडलेला माणूस उभा होता, आणि त्या चित्रात एक जागा रिकामी होती.

"मास्तर पडले, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"बाई," शेडगे म्हणाले, "चौकशी मास्तरांची चाललीय. अध्यक्षांची न्हाई."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चौकशीत याची गरज नसेल कदाचित. मला आपलं वाटलं, विचारावं."

संयोगिताबाईंनी भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. सुभेदारांनी उत्तर नाही दिलं तरी चाललं असतं, आणि तसं सांगायला सचिव पुन्हा तोंड उघडतच होते.

"धावनार हुतो," सुभेदार म्हणाले. "एक पाय टाकला बी हुता म्होरं. तवर खिडकीतल्या पोरांनी माझ्याकडं बगितलं. म्हनलं, आता अध्यक्ष उचलाया गेला तर हुकूमच चुकला असं हुतंय. म्हनून पाय माघारी घेतला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पलटणीत जवान पडला तर आमी उचलतो. गोळ्या चालू असल्या तरी उचलतो. तिथं कवा पाय माघारी घेतला न्हाई. आन इथं गोळी न्हाई, काय न्हाई, चार पोरं बगत हुती फकस्त."

बाहेर मनुबाई ताटं मांडत होत्या, त्याचा आवाज तेवढा येत होता.

सुभेदार वळले आणि त्यांनी पहिल्यांदाच मास्तरांकडे सरळ पाहिलं. "मास्तर, आता तुमी सांगा. तुमी का पळाला? न्हाई म्हनला असता तर मी रागावलो असतो, दुसरं काय केलं असतं?"

मास्तर उभे राहिले. आता ते समितीशी बोलत नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना बोलता आलं.

"पोरांना हात लावायचा न्हवता, ते तर ठरलेलंच हुतं. आन पोरांपुढं तुमाला न्हाई म्हनायचं न्हवतं. ह्या शाळेत तुमचा शब्द खाली पडलेला पोरांनी कवा बगितला न्हाई, सुभेदार. माझ्यामुळं कशाला पडावा? कुनीतरी पळायला तर पायजे हुतं. पोरं पळायची न्हवती, तुमी पळायचं न्हवतं. मग उरलं कोन?"

विनोदिनीबाईंना दोन महिने अडकलेलं उत्तर मिळालं. शिक्षकांची किती कर्तव्यं त्यांनी समित्यांवर वाचून दाखवली होती. वेळेवर या, अभ्यासक्रम पूर्ण करा, मुलाला इजा करू नका. समोरच्याची लाज राखा, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि हा माणूस त्यापायी नोकरी घालवायला बसला होता.

संयोगिताबाईंनी पेनचं टोपण लावलं. "माझ्याकडून प्रश्न संपले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त वाक्य लहान झालं होतं. "थट्टा नव्हती ती. आणि तमाशा हा शब्द मी वापरला, तो मी परत घेते."

म्हणजे दोन मतं झाली. मास्तरांची नोकरी वाचली होती. शेडगे सचिव सुभेदारांच्या तोंडाकडे बघत होते, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

"माझ्याकडं काय बगता?" सुभेदार म्हणाले. "समितीत तुमी हाय, मी न्हाई. तुमचं मत तुमी द्या."

सचिवांना हा हुकूम सगळ्यात जड गेला असावा. पण त्यांनी दिलं. तिघांचं एकमत, दोन्ही आरोप सिद्ध नाहीत.

सह्या झाल्या तोवर मधली सुट्टी झाली होती आणि पोरं खिचडीच्या रांगेत ढकलाढकली करत होती. विनोदिनीबाईंना साताऱ्याची बस गाठायची होती. त्या पायऱ्या उतरत असताना सुभेदारांनी त्यांना थांबवलं. मास्तर बाजूलाच उभे होते.

"बाई, तुमी लय शाळा बगितल्या. एक सांगा. हुकूम कसा द्यायचा ते मला फौजेनं शिकवलं. दिलेला हुकूम चुकला, असं पोरांपुढं हुबं राहून कसं सांगायचं, ते कुनी शिकवलं न्हाई. उद्या प्रार्थनेला सांगायचं म्हनतोय. कसं सांगू?"

बाईंनी बससाठी उचललेली पिशवी पायरीवर ठेवली. आयुष्यभर त्यांनी प्रश्न विचारले होते. उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"मी हुबा राहतो की शेजारी," मास्तर म्हणाले.

सुभेदारांनी रांगेतल्या पोरांकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ऱ्हावा. जरा जवळच ऱ्हावा, मास्तर."